गोळी की सुई? : चिंता व नैराश्यावरील उपचारांविषयी

मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न वारंवार विचारतात : "रोजच्या गोळ्या बंद करून ॲक्युपंक्चर सुरू केले तर चालेल का?" काही हितचिंतकांनी तर या उपचाराच्या स्वतंत्र कक्षासाठी देणगी देण्याची तयारीही दर्शविली आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकीय मत देण्याचा त्याला अधिकार नाही. तथापि देणगीचा विनियोग कसा व्हावा याचा विचार करताना डॉक्टर मंडळींकडून जे समजले, ते येथे नम्रपणे मांडीत आहे.

ॲक्युपंक्चर आपल्याला अगदीच परके नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचे सहकारी डॉ. बिजय कुमार बसू यांनी पुढे ही विद्या चीनमध्ये आत्मसात करून कोलकात्यात रुजविली. महाराष्ट्र शासनाने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला असून २०१९ मध्ये केंद्र शासनानेही तिला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मात्र शासनमान्यता ही एक बाब आणि विशिष्ट आजारावरील गुणकारिता ही दुसरी.

औषधांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. २०१८ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अभ्यासलेली सर्व २१ नैराश्यविरोधी औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली, जरी हा फरक सरासरीने माफक होता. या औषधांचा गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीस मळमळ, झोपेत बदल असे त्रासही संभवतात. याच काळात अनेकांचा धीर सुटतो. औषध अचानक थांबविल्यास चक्कर, अस्वस्थता व आजार उलटण्याचा धोका असतो. बरे वाटू लागल्यावरही साधारणतः किमान सहा महिने ते चालू ठेवावे लागते.

ॲक्युपंक्चरबाबत २०१८ च्याच कॉक्रेन आढाव्यात नैराश्यावरील ६४ अभ्यास तपासण्यात आले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत लक्षणांची तीव्रता काहीशी कमी होत असावी, असे त्यात आढळले. परंतु पुराव्याचा दर्जा कमी होता. औषधांशी थेट तुलना करता निश्चित निष्कर्ष काढता आला नाही. २०१३ मध्ये इंग्लंडमधील ७५५ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरची वा समुपदेशनाची जोड दिल्यावर तीन महिन्यांनी दोन्ही गटांत सुधारणा दिसली. या दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे सुई पूरक ठरू शकते; ती गोळीची जागा घेते, असे म्हणण्यास आधार नाही.

व्यवहाराचाही एक हिशेब आहे. वरील चाचणीत आठवड्यातून एक याप्रमाणे बारापर्यंत बैठका योजिल्या होत्या. सुरगाणा किंवा पेठ येथील रोजंदारीवरील रुग्णास बारा वेळा नाशिकला यावयाचे म्हणजे बारा दिवसांची मजुरी बुडाली, शिवाय एस.टी.चे भाडे आणि सोबत्याचा खर्च वेगळा. या विकारांवरील अनेक जेनेरिक औषधे स्वल्प दरात मिळतात व महिन्याची औषधे एकदम घरी नेता येतात. सबब गरजू रुग्णांच्या औषधांचा व समुपदेशनाचा निधी प्रथम सुरक्षित असावा आणि पूरक उपचारांचा विचार त्यानंतर व्हावा, असे विश्वस्त मंडळास व देणगीदारांस विनम्रपणे सुचवावेसे वाटते.

नातेवाइकांस विनंती अशी, की ॲक्युपंक्चर करून घ्यावयाचे असल्यास ते नोंदणीकृत चिकित्सकाकडे, एकदाच वापरावयाच्या निर्जंतुक सुयांनीच करवावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगावे. चालू गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना एक दिवसही बंद करू नयेत. रुग्ण जीवन नकोसे झाल्याचे बोलू लागल्यास त्यास एकटे न ठेवता तत्काळ रुग्णालयात आणावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही अहोरात्र उपलब्ध आहे.

मनाच्या आजारात उपचार कोणता, याइतकेच तो अर्ध्यावर सुटू नये, हे महत्त्वाचे. आपल्या देणगीचे खरे मोल त्या सातत्यात आहे.