कसब्याचा कौल : १९९० ते २०२४

कसबा पेठ हा पुण्याच्या जुन्या गावठाणाचा विधानसभा मतदारसंघ. शनिवारवाडा आणि ग्रामदैवत कसबा गणपती याच हद्दीत येतात. पश्चिमेला सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठा. तेथे नोकरदार व ब्राह्मण वस्ती जास्त असून जनसंघाच्या काळापासून कल भाजपकडे राहिला आहे. पूर्वेकडच्या कसबा, रविवार, रास्ता पेठांत व्यापारी, कारागीर, बहुजन आणि मुस्लिम वस्ती मिसळलेली आहे. हा पूर्व भाग काँग्रेसला मानणारा. या दोन भागांपैकी मतदानाला कोण किती निघाले आणि विरोधी मते किती वाटली गेली, यावर कसब्याचे निकाल बहुतेक वेळा ठरले.

१९९० मध्ये येथून भाजपचे अण्णा जोशी निवडून आले. पुढच्याच वर्षी ते पुण्याचे खासदार झाले आणि जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरात यांनी भाजपच्या गिरीश बापटांचा पराभव केला. बापटांनी १९९५ मध्ये ही जागा परत मिळवली आणि २०१४ पर्यंत सलग पाच वेळा जिंकली. कसबा हा भाजपचा बालेकिल्ला, ही ओळख याच काळात पक्की झाली.

या बालेकिल्ल्याची खरी ताकद २००९ च्या निकालात दिसते. मतदारसंघ फेररचनेत शुक्रवार पेठ आणि भवानी पेठ हे शेजारचे मतदारसंघ संपले आणि कसब्याच्या सीमा बदलल्या. त्या वर्षी बापटांना सुमारे ५५ हजार मते पडली. मनसेचे रवींद्र धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक यांना प्रत्येकी जवळपास ४७ हजार मते मिळाली. दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा कितीतरी जास्त होती. २०१४ मध्ये प्रमुख पक्ष स्वतंत्र लढल्याने विरोधी मते आणखी फुटली आणि बापटांचे मताधिक्य ४० हजारांच्या पुढे गेले.

२०१९ मध्ये बापट लोकसभेत गेले. त्यांच्या जागी आलेल्या, लोकमान्यांच्या घराण्यातील सून मुक्ता टिळक सुमारे ७५ हजार मते घेऊन सहज विजयी झाल्या. मात्र मतदान पन्नास टक्क्यांच्या थोडेच पुढे सरकले. पेठांत हा आकडा कमी राहण्यामागे एक स्थानिक कारण आहे. जुने वाडे पाडले गेले तशी अनेक कुटुंबे कोथरूड, सिंहगड रस्ता, बिबवेवाडीकडे राहायला गेली, पण त्यांची नावे पेठेच्या यादीत तशीच राहिली. अशा मतदाराला केंद्रावर आणायचे तर कार्यकर्त्यांची घरोघरची ओळख लागते.

मुक्ता टिळक यांचे डिसेंबर २०२२ मध्ये निधन झाले. आजारी असतानाही त्या जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानासाठी रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या होत्या. पोटनिवडणुकीत भाजपने टिळक घराण्याऐवजी हेमंत रासने यांना उमेदवारी दिली आणि ब्राह्मण मतदारांत नाराजी उमटली. प्रचारासाठी बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीवरून केसरीवाड्यातील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात आले. भाजप नेते चंद्रकांत पाटील यांचा ‘हू इज धंगेकर?’ हा सवाल त्यांच्यावरच उलटला. धंगेकर आता महाविकास आघाडीच्या पाठिंब्यावर काँग्रेसकडून उभे होते आणि लढत सरळ होती. २६ फेब्रुवारी २०२३ ला रविवार असूनही मतदान सुमारे पन्नास टक्केच झाले. धंगेकरांना सुमारे ७३ हजार, रासने यांना ६२ हजार मते पडली. पश्चिमेकडच्या पेठांनी भाजपला नेहमीची आघाडी दिली नाही. जवळपास तीन दशकांनी जागा काँग्रेसकडे गेली.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. २०२४ च्या लोकसभेला पुण्यातून उभे राहिलेले धंगेकर कसब्यातही भाजपच्या मुरलीधर मोहोळ यांच्या मागे पडले. नोव्हेंबरमधील विधानसभेला मतदान साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचले. रासने यांना सुमारे ९० हजार, धंगेकरांना ७० हजारांवर मते मिळाली. म्हणजे पोटनिवडणुकीच्या तुलनेत धंगेकरांची मते तीनेक हजारांनीच घटली, तर रासने यांची सुमारे २८ हजारांनी वाढली. एकूण मतदानातली वाढही साधारण तेवढीच, तीस हजारांच्या घरात होती. २०२३ मध्ये घरी बसलेला मतदार बाहेर पडला आणि त्याचा मोठा वाटा भाजपच्या पारड्यात गेला, असाच या आकड्यांचा अर्थ निघतो. धंगेकरांची मते मात्र दोन्ही वेळा सत्तर हजारांच्या वर टिकली. मार्च २०२५ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला.