कोड्यांचा खेळ, लेखांक ७ : कथाचित्राला चित्रकार

दोन कोड्यांच्या मध्ये येणारे कथाचित्र, म्हणजे कथेतील एक प्रसंग दाखवणारे स्थिर चित्र, खेळाडूच्या विसाव्याची जागा समजले जाते. परंतु नुकतेच सुटलेले कोडे कोणासाठी सोडवले, हे त्याला तेथेच उमगत असल्याने त्या चित्राचा चित्रकार निवडणे हा खेळाच्या रचनेचाच भाग ठरतो. या लेखांकात ध्वनीचा विचार व्हायचा होता. तो पुढे ढकलण्यास गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या एका वाचकाचे पत्र कारण झाले आहे. या वाचकाची कोडी रचून झाली असून आठ प्रसंगही लिहून तयार आहेत. चित्रकार कोठे शोधावा आणि त्याच्या हाती काय सोपवावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

या बाबतीत 'ब्रेड' (म्हणजे वेणी) या खेळाचे उदाहरण उद्बोधक आहे. काळ मागे फिरवून सोडवायच्या कोड्यांचा हा खेळ जोनाथन ब्लो यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र त्याच्या ओबडधोबड चित्रांच्या कच्च्या आवृत्तीलाच २००६ मध्ये रचनेचे पारितोषिक मिळाले होते, आणि जालावरील चित्रकथा काढणारे डेव्हिड हेलमन त्यानंतर चित्रकार म्हणून आले. खेळात पाच चित्रांचे प्रत्येकी बारा असे साठ तुकडे विखुरलेले असून ते जुळवल्यावर कथेतील प्रसंग उभा राहतो. शिवाय एके ठिकाणी चित्रात रंगवलेला कट्टा प्रत्यक्ष पायरीसारखा वापरता येतो, त्यामुळे तो चौकटीत कोठे यावा हे केवळ चित्रकाराच्या मर्जीवर सोडता येत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) हा साहसखेळ आहे, कोड्यांचा नव्हे. तरी त्यातील कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने येतात आणि संस्थेच्या संस्थापकांपैकी श्रुती घोष स्वतः चित्रकार आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रसंगाचे चित्र कसे सांगावे, याची शिकवण मात्र महाराष्ट्रात याहून जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात, आणि गायक एकेक चित्र समोर धरून वाद्यांच्या साथीने कथा गातो. याच कुळीतील काही चित्रे पैठणला सापडल्याने 'पैठण शैली' या नावाने ओळखली जातात व पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. गायक जे बोलणार ते चित्राने पुन्हा बोलायचे नसते. त्याचप्रमाणे कोड्याने जे सांगितले ते कथाचित्राने पुन्हा सांगू नये, आणि नेमकी कोणती जागा मोकळी ठेवायची हे चित्रकाराला आधी कळले पाहिजे.

म्हणून आठही प्रसंगांचे लांबलचक वर्णन पाठवण्याऐवजी चित्रकाराला प्रथम कच्चा खेळ खेळू द्यावा, मग एकाच प्रसंगाचे नमुनाचित्र मोबदला देऊन काढून घ्यावे. शोध दिवाळी अंकांपासून सुरू करणे सोयीचे, कारण कथेचा आशय उघड न करता तिची ओढ लावण्याचा सराव कथाचित्रकारांना असतो, आणि श्रेयनामावलीत 'सजावट' या शब्दापुढे त्यांची नावे छापलेली असतात. एखाद्याची शैली आवडली तर त्याची निदान पाच-सहा चित्रे एकत्र मांडून तीच व्यक्तिरेखा वेगवेगळ्या चित्रांत ओळखू येते की नाही, ते पाहावे. आठ प्रसंगांच्या कामात या सातत्याइतके महत्त्व एखाद्या सुंदर चित्राला नाही.

करार लेखी असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. राणीसावरगावात रचलेला खेळ जगात कोठेही विकला जाऊ शकत असल्याने या दोन ओळी गाळणे महागात पडते. चित्राच्या सुट्या थरांची मूळ फाइल, दुरुस्त्यांच्या फेऱ्या, कच्चे रेखाटन, रंगकाम व अंतिम चित्र या टप्प्यांवरचे हप्ते आणि श्रेयनामावलीतील नाव यांचाही त्यात उल्लेख हवा.

ध्वनीचा विषय पुढील आठवड्यात येईल. या वाचकाचे नमुनाचित्र तोवर हाती आले, तर मात्र त्याला आणखी थोडे थांबावे लागेल.