सोनमाशांचा कारभारी

वडशात काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्याला फारशी प्रतिष्ठा नाही. वैनगंगा गावाजवळून वाहते, आसपासच्या खेड्यांतून जुने मालगुजारी तलाव आहेत, आणि मासा म्हटला की आमच्याकडे पहिला प्रश्न "काय किलो?" असाच येतो. मी सहा सोनमासे घरी आणले तेव्हा शेजारच्या काकाजींनी पेटीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "गुरुजी, एवढ्यात कोनाचं पोट भरते जी?" मासे नातीसाठी आहेत आणि ते खायचे नाहीत, हे त्यांच्या गळी उतरवायला मला दोन कप चहा खर्ची घालावा लागला.

खरी अडचण काकाजींची नव्हती, उन्हाची होती. नदीपलीकडचे ब्रह्मपुरी उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत वारंवार झळकते, आणि उन्हाला नदी ओलांडायला पूल लागत नाही. पहिल्याच मे महिन्यात सहांतले तीन मासे गेले. नात दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने उरलेल्या तिघांना नावे दिली. आणि नाव दिलेला मासा मरू देणे कोणत्याही आजोबाला परवडत नाही.

मासा उष्णतेने मरतो म्हणजे काय होते? पाणी २० अंशांवर असेल तर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू त्यात विरघळून राहू शकतो. ३५ अंशांवर जेमतेम ७. इकडे पाणी तापले की माशाचा देह अधिक वेगाने चालतो आणि त्याला प्राणवायू अधिक लागतो. आवक घटली आणि खर्च वाढला, अशा संसारासारखी त्याची गत होते. मग तो पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. आमच्या तलावातला मरळ अशा वेळी वर येऊन सरळ हवा घेतो आणि निभावून नेतो. सोनमाशाला ती विद्या नाही. त्याला थंड पाणीच मानवते.

हा नाद मुळात थंड देशातला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले ते १८५३ साली; 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द पुढच्याच वर्षी गॉस नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाच्या पुस्तकाने रूढ केला. आपल्याकडे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले. पण मुंबईला समुद्र आहे. वडशाला मे महिना आहे! घरगुती पेटीसाठी स्वयंचलित नियंत्रक कसा करावा, याच्या ज्या ज्या कृती मी वाचल्या, त्या बहुतेक पाणी ऊबदार ठेवण्याच्या. हीटर कधी लावावा, कधी बंद करावा, इत्यादी. आमच्याकडे हीटर म्हणजे सूर्य, आणि तो बंद करण्याचे बटण कोणाच्या हाती नाही. तेव्हा मी ठरवले की कृती तीच घ्यायची, पण उलटी करून.

कारभाऱ्याचा मेंदू म्हणजे आर्डुइनो नावाची तळहाताएवढी पट्टी. ती २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी जन्मली, आणि तिचे नाव म्हणे तिथल्या एका मद्यगृहावरून पडले! (ही माहिती मी घरात सांगितलेली नाही.) तापमान मोजायला डी. एस. १८ बी २० हा पोलादी टोपीतला सेन्सर. अर्ध्या अंशाच्या आत खरे बोलतो. त्याच्या निरोपाच्या तारेपासून पाच व्होल्टच्या तारेपर्यंत ४.७ किलोओमचा एक रेझिस्टर जोडावा लागतो. पंखा जुन्या संगणकातला, बारा व्होल्टचा. हवेचा पंपही तसाच. शिवाय बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची एक बॅटरी. बाकी किडुकमिडुक नागपूरहून एस.टी.ने आले. पाण्याजवळ २३० व्होल्ट आणायचेच नाहीत, ही माझी एकमेव कडक अट. कारण नातीचा हात दिवसातून दहादा त्या पाण्यात असतो.

पंख्याने पाणी थंड कसे होते, असे विचारणाऱ्याने घरातल्या माठाकडे पाहावे. पाण्याची वाफ होते ती मागे उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन. माझ्या पेटीत ८० लिटर पाणी आहे. त्यातले एक लिटर उडून गेले, तर बाहेरून ऊब आत येत नसती तर बाकीचे पाणी सुमारे सात अंशांनी उतरले असते. ऊब येतेच, म्हणून एवढे मिळत नाही. पण खोलीत ३८ अंश असताना पाणी तिशीच्या आसपास राहते. विदर्भाची कोरडी हवा, जिने आमचे ओठ फुटतात, तीच माशांच्या कामी आली.

पाणी ३० अंशांवर गेले की पंखा आणि पंप सुरू, २९ वर उतरले की बंद. मध्ये हा एक अंशाचा पैस हवाच. नाहीतर रिले रात्रभर टकटक करीत बसतो. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती निराळीच गोष्ट. रिलेला दोन वाटा असतात. एकीवरून हुकूम आला तरच वीज जाते. दुसरीवरून "थांब" असा हुकूम येईपर्यंत ती जातच राहते. मी पंखा आणि पंप दुसऱ्या वाटेवर ठेवले. उद्या मेंदू बंद पडला तरी हातपाय चालू राहतील. हीटरवाल्या पेटीत रिले चिकटून बसला तर माशांचे कालवण होते. इथे फार तर पाणी जरा जास्त थंड होईल.

माहितीपत्रकात आणखी एक खोच होती. वीज मिळताच, पहिले मोजमाप होण्याआधी विचारले, तर हा सेन्सर ८५ अंश सांगतो! पहिल्या दिवशी पडद्यावर तो आकडा क्षणभर चमकला आणि सौ.ने स्वयंपाकघरातून विचारले, "मसाला काढू का?" मी कार्यक्रमात आधीच लिहून ठेवले होते: पाचाच्या खाली किंवा पन्नासाच्या वर काहीही सांगितले तरी विश्वास ठेवू नये, आणि पंखा चालू द्यावा.

गेल्या मे महिन्यात परीक्षा झाली. दुपारी चारला वावटळ आली, कुठेतरी तारा तुटल्या आणि रात्री दहापर्यंत वीज नव्हती. खोलीत ३९, पाण्यात साडेतीस. नात टॉर्च घेऊन दर पंधरा मिनिटांनी आकडा वाचून दाखवीत होती. अंगणात बसलेले काकाजी पंख्याचा आवाज ऐकून आत आले. "गुरुजी, तुमच्या घरी मानसापरीस मासे सुखी हायेत!" म्हणाले, आणि पेटीशेजारीच खुर्ची ओढून बसले. तिन्ही मासे सकाळी खालच्या वाळूशी हुंदडत होते.

दोन कामे मात्र हाताचीच. उडालेल्या पाण्याबरोबर क्षार उडत नाहीत, म्हणून दर आठवड्याला पंचमांश पाणी बदलतो. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मगच घालतो. पातळी घटली की तरंगता खटका घंटी वाजवतो, तेवढेच. आपोआप पाणी भरणारी तोटी लावा, असे एकाने सुचवले होते. ती अडकली तर दिवाणखान्यात वैनगंगा येईल. आणि जुलैत हवा ओली झाली की पंख्याचा फारसा उपयोग उरत नाही. पण तोवर उन्हाचा जोरही ओसरलेला असतो.

सध्या मेजावर दुसरी पट्टी आहे. कूलरमधले पाणी संपले की काकाजींचा पंप कोरडाच फिरून जळतो. दोन उन्हाळ्यांत दोन गेले. तरंगता खटका त्यांना फार आवडला आहे. होळीपूर्वी जोडून हवा, असे त्यांनी बजावले आहे. मजुरी म्हणून वैनगंगेचा मासा देणार आहेत. काय किलोचा, ते मी विचारलेले नाही.