स्टिअरिंग हाती नाही, प्रमाणपत्र मात्र तयार!

रत्नागिरी, प्रतिनिधी – ‘एका महिन्यात हेवी लायसन्स, हजर राहण्याची गरज नाही, नोकरीची हमी.’ अशा आशयाची जाहिरात पाहून ट्रकचालक होण्यासाठी पैसे भरणाऱ्या तरुणाच्या हाती अखेर काय पडते, हा प्रश्न वरवर त्याच्या एकट्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो महामार्गावर त्याच्या समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा आहे. जड वाहन चालविण्याचे प्रशिक्षण देतो असे सांगून केवळ कागद विकणारी संस्था आणि खरोखर गाडी शिकविणारी संस्था बाहेरून सारखीच दिसते. दोघांकडे फलक असतो, दोघांकडे पावतीपुस्तक असते आणि दोघेही अखेरीस ‘फॉर्म ५’ हे एकाच नमुन्यातील प्रमाणपत्र देतात. फरक असतो तो त्या प्रमाणपत्रामागच्या तासांचा. हे तास कसे मोजायचे, हे ज्याला कळले त्याला फसविणे कठीण जाते.

रत्नागिरी जिल्ह्यात या विषयाचे महत्त्व अधिक आहे. जयगड बंदर, लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत, मिरकरवाड्याची मासळी, हंगामात वाशीकडे जाणारा हापूस, जांभ्या चिऱ्याची वाहतूक, हे सारे जड वाहनांवर चालते. जिल्ह्याबाहेर पडायचे तर कराडसाठी कुंभार्ली, कोल्हापूरसाठी आंबा आणि मुंबईसाठी परशुराम व कशेडी ही नावे चालकाला टाळता येत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये लांजा तालुक्यातील आंजणारी येथे एलपीजीचा टँकर पुलावरून काजळी नदीत कोसळला होता. त्यात चालकाचा मृत्यू झाला आणि मुंबई-गोवा महामार्गावरील वाहतूक दीर्घकाळ बंद ठेवावी लागली. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात. मात्र अशा रस्त्यावर अननुभवी हातात अवजड वाहन देणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी वेगळ्या उदाहरणाची गरज नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार ड्रायव्हिंग स्कूल ही कोणीही उघडावी अशी शिकवणी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २४ पासूनच्या तरतुदींनुसार तिला परिवहन कार्यालयाचा परवाना लागतो. हा परवाना ‘फॉर्म ११’ मध्ये दिला जातो आणि त्याची मुदत पाच वर्षे असते. ज्या प्रकारच्या वाहनाचे प्रशिक्षण द्यायचे, त्या प्रकारचे किमान एक वाहन संस्थेकडे असावे लागते. मोटारसायकल वगळता प्रशिक्षणाच्या वाहनांना दुहेरी नियंत्रण, म्हणजे प्रशिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक-क्लच, असणे बंधनकारक आहे. प्रशिक्षक किमान दहावी उत्तीर्ण, पाच वर्षे वाहन चालविण्याचा अनुभव असलेला आणि मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र घेतलेला असावा, असेही नियम सांगतो.

अभ्यासक्रमाची किमान मर्यादाही ठरलेली आहे. नियम ३१ नुसार परिवहन संवर्गातील वाहनाचे प्रशिक्षण सर्वसाधारणपणे तीस दिवसांपेक्षा कमी असू नये आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे तास पंधरापेक्षा कमी असू नयेत. हे पंधरा तास प्रशिक्षणार्थीने स्वतः स्टिअरिंगवर घालवायचे आहेत. चार जणांना एका ट्रकच्या केबिनमध्ये बसवून दोन तास फिरवून आणले, तर चौघांच्याही नावावर दोन-दोन तास लागत नाहीत.

शिकणाऱ्यालाही अटी आहेत. परिवहन वाहनासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे ‘शिक्षण कमी आहे, वरचे पैसे द्या, सांभाळून घेऊ’ असे कोणी सांगितले, तर तो नसलेल्या अडचणीचे पैसे घेत आहे, असे समजावे. त्याचप्रमाणे ‘कारच्या लायसन्सवर आता सगळे चालते’ हेही खरे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाची व्यावसायिक वाहने चालविण्यास मुभा कायम ठेवली आहे. त्यापुढील मालमोटारींना ती लागू होत नाही.

‘टेस्ट द्यावी लागत नाही’ हे कितपत खरे?

प्रशिक्षण संस्थांचे दोन प्रकार आहेत आणि सर्वाधिक संभ्रम येथेच निर्माण केला जातो. पहिला प्रकार नियम २४ खालील नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलचा. त्यांचा ‘फॉर्म ५’ हा परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी आवश्यक कागद आहे. परंतु त्यामुळे मोटार वाहन निरीक्षकासमोरची चाचणी टळत नाही.

दुसरा प्रकार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा. त्यांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. या केंद्रांना सपाट प्रदेशात किमान दोन एकर, तर डोंगराळ भागात एक एकर जागा, चाचणी मार्ग आणि सिम्युलेटर यांसारख्या सुविधा लागतात. मध्यम व जड वाहनांचा त्यांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. तेथे उत्तीर्ण झालेल्याला ‘फॉर्म ५ ब’ मिळतो आणि त्यालाच परिवहन कार्यालयातील वाहन चाचणीतून सूट मिळते. जून २०२४ पासून खासगी ड्रायव्हिंग स्कूलच चाचणी घेणार, अशा बातम्या पसरल्या तेव्हा नियमांत कोणताही बदल झालेला नसल्याचा खुलासा केंद्रीय परिवहन मंत्रालयाला करावा लागला होता. तेव्हा गल्लीतील दोन खोल्यांच्या संस्थेने ‘आमच्याकडे टेस्ट माफ’ असे सांगितले, तर मान्यतेचे पत्र दाखविण्यास सांगावे. ते दाखविता आले नाही, तर तेथून निघावे.

नोंदवहीतील सही मोलाची

फसवणुकीचा पुरावा आणि त्यावरील उपाय, दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. प्रत्येक संस्थेने ‘फॉर्म १४’ मध्ये प्रवेश घेतलेल्यांची नोंदवही आणि ‘फॉर्म १५’ मध्ये प्रत्येक प्रशिक्षणार्थीने चालविलेल्या तासांची नोंदवही ठेवायची असते. फॉर्म १५ मध्ये तारीख, वेळ, वाहनाचा प्रकार आणि प्रशिक्षकासोबत प्रशिक्षणार्थीचीही सही असते. न शिकविता प्रमाणपत्र द्यायचे असेल, तर संस्थेला ही वही खोटी भरावी लागते. आणि प्रशिक्षणार्थीची सही असल्याखेरीज ती खरी दिसत नाही.

म्हणूनच प्रवेशाच्या दिवशीच ‘येथे, येथे आणि येथे सही करा’ असे सांगून कोऱ्या रकान्यांवर सह्या घेणारी संस्था धोक्याची समजावी. ज्या दिवशी गाडी चालविली, त्या दिवशी, तेवढ्याच तासांपुढे सही करावी. स्वतःच्या वहीतही तारीख, गाडीचा क्रमांक, मार्ग आणि वेळ लिहून ठेवावी. पुढे वाद उद्भवल्यास ही साधी नोंद उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लबाडीने वा खोटी माहिती देऊन मिळविलेला परवाना कलम १९ नुसार रद्द होऊ शकतो. खोट्या नोंदीखाली सही करणारा तरुण केवळ फसविला गेलेला ग्राहक राहत नाही, तो त्या खोटेपणाचा भागीदारही ठरू शकतो.

पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे कार्यालयात लावलेला मूळ परवाना. त्यावरील संस्थेचे नाव, पत्ता, मुदत आणि कोणत्या प्रकारच्या वाहनाचे प्रशिक्षण देण्यास परवानगी आहे, हे वाचावे. केवळ मोटारकारचा परवाना असलेली संस्था ट्रकचे प्रमाणपत्र देऊ शकत नाही. शंका असल्यास परिवहन कार्यालयात जाऊन खात्री करावी. प्रशिक्षक कोण, त्यांची नावे काय, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रक. ‘गाडी कामावर गेली आहे’ हे उत्तर एकदा ठीक आहे. तीन वेळा तेच मिळाले तर गाडी नाही, असे समजण्यास हरकत नाही. वाहनावर संस्थेचे नाव व पत्ता ठळक लिहिलेला आहे का, प्रशिक्षकाच्या बाजूचे ब्रेक-क्लच चालू आहेत का, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र मुदतीत आहे का, हे पाहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे हिशेब. केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याचे शुल्क १५० रुपये, चाचणीचे ३०० रुपये आणि परवान्यात नवा संवर्ग जोडण्याचे ५०० रुपये आहे. त्यावर किरकोळ आकार असू शकतात. सरकारी शुल्क किती आणि शिकवणीची फी किती, हे पावतीवर वेगवेगळे लिहून घ्यावे. ‘साहेबांचे’, ‘आतले’ अशा नावाखाली मागितलेल्या रकमेची पावती मिळत नाही, ती लाच असते. मूळ परवाना, गुणपत्रिका किंवा पासपोर्ट संस्थेकडे ठेवू नये. अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर आपल्याच मोबाइल क्रमांकावरून करावा आणि ओटीपी दुसऱ्याला सांगू नये.

चौथी गोष्ट म्हणजे शिकविणार काय. मोकळ्या मैदानात आठ आकडा काढणे म्हणजे ट्रक चालविणे नव्हे. भरलेली मालमोटार घाट उतरताना सतत ब्रेकवर ठेवली, की ड्रम तापतात, लायनरची पकड कमी होते आणि एअर ब्रेकमधील हवाही खर्च होते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर वेग रोखायचा असतो. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणे हा त्यातील सर्वांत जीवघेणा प्रकार. हवेचा दाब पाहणे, आरशांतून न दिसणारे कोपरे ओळखणे, मागे घेणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, रात्री आणि पावसात चालविणे, यांपैकी काय आणि कोणत्या रस्त्यावर शिकविणार, असे थेट विचारावे. खरा प्रशिक्षक या प्रश्नाने सुखावतो.

नोकरीची हमी आणि धोकादायक माल

गॅस किंवा रसायनांचे टँकर चालविण्यासाठी जड वाहनाचा परवाना पुरेसा नाही. नियम ९ नुसार धोकादायक मालाचे तीन दिवसांचे स्वतंत्र प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतून घ्यावे लागते आणि परवान्यावर तशी नोंद करावी लागते. ही नोंद तीन वर्षे चालते आणि नूतनीकरणापूर्वी उजळणी अभ्यासक्रम करावा लागतो. जयगड आणि लोटेसारख्या ठिकाणी या नोंदीला मागणी आहे. त्यामुळे तिचा ‘एका दिवसात’ होणारा व्यवहार विशेष संशयास्पद मानावा.

आखातात चालकाची नोकरी देतो, असे सांगून प्रशिक्षणाचे पैसे घेण्याचा प्रकार आणखी वेगळा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची उत्प्रवासन कायदा, १९८३ खाली नोंदणी असावी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. एजंटाने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी ही मर्यादा आहे. आखाती देशांत ट्रक चालवून नोकरी करण्यासाठी त्या देशाचा परवाना काढावा लागतो. येथील कोणतेही प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही.

फसवणूक झालीच तर

संस्थेचा परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार परिवहन कार्यालयाला आहे. त्यामुळे पहिली लेखी तक्रार तेथे करून पोच घ्यावी. फी घेऊन शिकविले नाही, ही सेवेतील त्रुटी असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना तेथे शुल्क नाही आणि वकील देण्याचेही बंधन नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बनावट कागद दिले असल्यास पोलिसांकडे, तर लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते.

तक्रारीने पैसे परत मिळू शकतात. मात्र न शिकलेले पंधरा तास कोणताही आयोग परत देत नाही. ते तास प्रशिक्षकाच्या शेजारी बसून, दुहेरी ब्रेकच्या गाडीत भरून काढले नाहीत, तर पुढे एकट्याने, भरलेल्या गाडीत, आंबा घाटाच्या उतारावर शिकावे लागतात.