यंत्रमानव : आधी हिशेब, मग हत्यारे

यंत्रमानव बनविण्याच्या स्पर्धा जिंकायच्या तर महागडे सुटे भाग हवेत, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते तो अर्धाच खरा आहे. काय बनवायचे आणि काय सोडून द्यायचे, हा निर्णय पाना-पक्कड हाती घेण्यापूर्वी व्हावा लागतो. त्याला कागद-पेन्सिल पुरते. एका प्रत्यक्ष स्पर्धेच्या उदाहरणाने हे आम्ही येथे मांडीत आहोत.

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली. तिची 'फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा १९९२ पासून भरते. मुंबईचे विद्यार्थीही तीत उतरलेले आहेत. दरवर्षी खेळ नवा असतो. २०१७ च्या खेळाचे नाव होते 'स्टीमवर्क्स'. तीन-तीन संघांच्या दोन आघाड्या अडीच मिनिटे समोरासमोर खेळत. पहिले १५ सेकंद यंत्र आपोआप चाले, उरलेले १३५ सेकंद विद्यार्थी ते चालवीत. बॅटरी व बंपर सोडून यंत्राचे वजन १२० पौंडांच्या आत हवे आणि बांधणीला अवधी सुमारे सहा आठवड्यांचा.

या १३५ सेकंदांत गुणांचे मार्ग तीन होते. पहिला, चेंडू टाकणे : उंच तोंडात ३ चेंडूंना १ गुण, खालच्या तोंडात ९ चेंडूंना १ गुण. दुसरा, गिअर पोहोचविणे : आघाडीच्या हवाई जहाजावर चार पंखे होते. ते फिरविण्यास अनुक्रमे १, २, ४ व ६ गिअर लागत आणि प्रत्येक पंख्याला ४० गुण मिळत. एक गिअर जहाजावर राखीव असल्याने यंत्रांनी १२ पोहोचवायचे. तिसरा, शेवटी दोरीवर चढणे : प्रत्येक यंत्राला ५० गुण.

आता हिशेब पाहा. एकदा दोरी चढणे म्हणजे उंच तोंडात १५० चेंडू किंवा खालच्या तोंडात ४५० चेंडू टाकण्याबरोबर. चेंडू फेकणारे यंत्र दिसायला देखणे, परंतु वजन, जागा आणि वेळ तेच खाते. पहिला पंखा राखीव गिअरवर फिरला, तर दुसऱ्या पंख्याचा प्रत्येक गिअर २० गुणांचा व तिसऱ्याचा १० गुणांचा पडतो. चौथ्याचा मात्र सातहून कमी गुणांचा.

समजा, एका गिअरच्या फेरीला २५ सेकंद लागतात आणि चढण्यासाठी ३० सेकंद राखले. उरलेल्या १०५ सेकंदांत एका यंत्राच्या चार फेऱ्या होतात. तीन यंत्रांच्या बारा. म्हणजे चारही पंखे जेमतेम फिरतात. परंतु एक यंत्र बंद पडले की गिअर आठच होतात. सहांत तिसरा पंखा फिरतो आणि उरलेले दोन फुकट जातात, कारण अर्धवट भरलेल्या पंख्याला गुणच नव्हते. अशा वेळी ते दोन न आणता दोरीकडे लवकर वळणे शहाणपणाचे.

बाद फेरीत हेच गणित बदलत असे. तेथे चारही पंखे फिरल्यास १०० गुण अधिक मिळत. त्यामुळे शेवटचा एक गिअर एकट्याने १४० गुण आणी. याचा अर्थ, डावपेच एकदा ठरवून भागत नाही. नियम बदलला की वही पुन्हा उघडावी लागते.

यंत्राचा आराखडा यातूनच निघतो. प्रथम न अडखळता धावणारी गाडी, मग दोरी चढण्याची सोय, नंतर गिअर धरण्याची सोय. चेंडूंचा विचार वेळ उरला तर. प्रत्येक कामापुढे त्याचे गुण, लागणारा वेळ आणि दहापैकी किती वेळा ते साधेल, हे लिहावे. दहापैकी पाचच वेळा साधणारी ५० गुणांची चढण हिशेबात २५ गुणांचीच धरावी. बाद फेरीसाठी आघाडीचे प्रमुख जोडीदार निवडतात, तेव्हा एकच काम परंतु खात्रीने करणारा संघ त्यांच्या नजरेत भरतो.

विद्यार्थी मित्रांनो, साधने थोडी असली की सर्वच करून पाहण्याचा मोह घातक ठरतो. ज्याच्याजवळ थोडे आहे, त्याने ते कोठे लावावे हे इतरांहून अधिक नेमके ठरविले पाहिजे. नियमपुस्तिका दोनदा वाचावी, आकडे मांडावेत आणि मगच पहिला स्क्रू पिळावा, एवढे सुचवून आम्ही हा लेख पुरा करतो.