गझला कुठे गेल्या?

जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ला मिळणारी सुरक्षा बंद झाली, म्हणून गोंदियात मी संगणक कोरा करून विंडोज १० घालून घेतलं. सीडीवर ठेवलेली गझलांची फाईल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला! वीस वर्षांचं लेखन गेलं, असंच वाटलं.

गेलं काहीच नव्हतं. माझ्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक आत रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवायचा. फॉन्ट त्यांना मराठी रूप द्यायचा. तो पुसला गेला, अक्षरं उघडी पडली. फॉन्ट पुन्हा बसवला आणि गझला दिसल्या.

युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. मराठीचा फॉन्ट बदलला तरी तो ‘क’च. सध्या एकेक गझल त्यात उतरवतोय. ऱ्हस्व-दीर्घ तपासताना दोन लंगडे शेरही सापडले.