पाण्याचा ग्लास आणि लिफ्टवरची पाटी

आज बोलायचंय दयेबद्दल. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका, प्रवचन देणार नाहीये. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

मे महिन्यातली दुपार. मी जेवण मागवलेलं. बेल वाजली, दार उघडलं, तर समोर डिलिव्हरीवाला मुलगा. साधारण माझ्याच वयाचा, शर्ट घामाने चिंब, आणि एवढी धाप लागलेली की ओटीपी विचारायलाही जमेना. आमचं घर सातव्या मजल्यावर. मी म्हटलं, “दादा, पाणी देऊ का?” तो उभ्याउभ्या दोन ग्लास पाणी प्यायला. खरं सांगतो, मला फार भारी वाटलं. आपण चांगली माणसं आहोत असं अधूनमधून वाटतं ना, तसं.

ग्लास परत देताना तो म्हणाला, “दादा, उतरताना तरी लिफ्टने जाऊ का?”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर लिफ्टच्या बाजूला पाटी आहे : डिलिव्हरी करणाऱ्यांनी जिना वापरावा. ती पाटी मी रोज चार वेळा बघतो. आणि त्याला काय म्हणालो असेन? “अरे, वॉचमन ओरडेल रे.” दार लावलं. जेवण अजून गरम होतं.

त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यात बसलाय. पाणी दिलं ती दया होती, हे नक्की. मग नंतर जे वाटलं ते काय होतं?

उत्तर सापडलं एका अशा पुस्तकात, जे आपल्यापैकी बऱ्याच जणांना फक्त ‘रडवणारं पुस्तक’ म्हणून माहितीये. ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पुढे आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर सिनेमा काढला, तोही खूप गाजला.

त्यात एक प्रसंग आहे. एक म्हातारी, सोबत लाकडांची मोळी. थकलेली, मोळी डोक्यावर घेता येत नाही, आणि कोणी हात लावायला तयार नाही. कारण ती महार समाजाची, त्या काळात अस्पृश्य मानली गेलेली. श्यामची आई त्याला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. श्याम बिचकतो, लोक नावं ठेवतील म्हणतो. त्यावर आईने काढलेला मार्ग बघा : लोकांना सांग, घरी जाऊन आंघोळ करणार आहे.

लहानपणी मी हे वाचलं तेव्हा आई किती चांगली, एवढंच कळलं. आता वाचताना ती आंघोळ खटकली. मोळी उचलली गेली, पण विटाळाचा नियम जागच्या जागी राहिला. नियमाला धक्का न लावता त्यातून जेवढी वाट काढता येईल, तेवढी आईने काढली. तिला दोष द्यायचा नाहीये मला. कोकणातल्या छोट्या गावात, त्या काळातल्या बाईच्या हातात किती होतं? तिने जे केलं त्यालाही हिंमत लागतेच.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुस्तकातला श्याम म्हणजे बऱ्याच अंशी स्वतः गुरुजी. तो मोठा झाल्यावर काय करतो ते बघा.

आता चला पंढरपूरला. विठोबा सगळ्यांचा, असं आपण म्हणतो. संत चोखामेळ्यांचे अभंग वारकऱ्यांनी सहाशे वर्षं प्रेमाने गायले. पण चोखोबांची समाधी आहे मंदिराबाहेर, नामदेव पायरीपाशी. त्यांच्या समाजालाही शतकानुशतकं बाहेरच थांबवलं गेलं. म्हणजे अभंग ऐकून डोळ्यांत पाणी यायचं, आणि दार मात्र बंदच.

साने गुरुजी हे दार उघडावं म्हणून आधी महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या, लोकांना समजावलं. मग १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. १० मे ला उपोषण सुटलं, ते मंदिर खुलं करायचं ठरल्यावरच.

मोळी उचलून देणारा तोच हात. पण आता घरी जाऊन आंघोळ करायची गोष्ट नाही. आता नियमच हटवा, अशी मागणी. आणि त्यासाठी स्वतःचा जीव पणाला.

मला वाटतं दया आणि करुणा यांच्यातला फरक इथे कळतो. शब्दकोशात दोन्हींचे अर्थ जवळजवळ सारखेच सापडतील. मी माझ्यापुरता फरक असा केलाय : दया समोरच्याची तहान बघते आणि पाणी देते. करुणा पाणी तर देतेच, पण याला एवढी तहान का लागली, हेही विचारते. आणि त्या उत्तरात आपलं नाव निघालं, तर तोंड लपवत नाही.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती सोडली तर बोलणं अर्धवट राहील. २० मार्च १९२७. महाडचं चवदार तळं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. नगरपालिकेने ते तळं आधीच सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. पण कागदावर. प्रत्यक्षात कोणी पाणी भरू देत नव्हतं. त्या दिवशी कोणी ‘आम्हाला पाणी द्या हो’ म्हणून हात जोडले नाहीत. हक्काचं पाणी होतं, ते घेतलं.

म्हणून चांगलं वागताना एक गोष्ट तपासून बघावी. मी जे देतोय ते खरंच माझं आहे, की मुळात त्याचंच होतं आणि मी वाटेत अडवून ठेवलं होतं? लिफ्ट वापरू देणं हा उपकार कसा काय झाला?

आता कोणी म्हणेल, मग पाण्याचा ग्लास द्यायचाच नाही का? अरे, द्यायचाच! तहानलेल्याला ‘थांब, आधी व्यवस्था बदलतो’ असं सांगता येत नाही. फक्त ग्लास दिल्यावर जे भारी वाटतं, तिथेच थांबू नका. त्याचा फोटो काढून स्टोरीला टाकायचा मोह झाला, तर आधी एकदा आजूबाजूला बघा. एखादी पाटी दिसेल. घरकामाला येणाऱ्या मावशींचा वेगळा कप असेल, किंवा ऑफिसमधल्या शिपाईकाकांना कोणी बस म्हणत नसेल.

आणि माझ्या पाटीचं काय झालं? मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की पाटी काढूया. दोन अंगठे आले. एका काकांनी ‘सिक्युरिटी’ असा एकच शब्द टाकला. मग बराच वेळ शांतता. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा व्हॉइस मेसेज आला : “माझी औषधं घेऊन येतो तो मुलगा. मला जिना चढवत नाही, मग त्याला का चढायला लावता?” पुढच्या मीटिंगमध्ये विषय घ्यायचं ठरलंय. पाटी अजून आहे.

तोवर मी एवढंच करतो. जेवण मागवलं की लिफ्टने खाली जातो आणि तळमजल्यावरच घेतो. परवा तोच मुलगा आला होता. मी पाणी विचारलं. तो हसून म्हणाला, “नको दादा, आज तहान नाही लागली.”

तुमच्या बिल्डिंगमध्ये, कॉलेजात, ऑफिसात अशी कोणती पाटी आहे? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःची आणि दुसऱ्यांचीही.